हजार टाक्यांचा साचा

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. मला हात लावता येत नाही. माझ्यावरून कॉम्प्युटर तयार होतात, तेही लांबच्या शहरात, भाड्याच्या जागेत. त्या जागेला क्लाउड म्हणतात. बटण दाबलं की माझ्यासारखी हजार मशीनं उभी राहतात. काम संपलं की नाहीशी होतात.

मला चिकलठाण्यातल्या छोट्या ऑफिसात श्रीनिवास आणि पद्मजा या नवरा-बायकोनं घडवलं. तेव्हा दुष्काळ होता. शहर वाढत होतं, पण नव्या वसाहतींना पाणी टँकरनंच यायचं. टाकी रिकामी झाली की टाकीवरचं यंत्र निरोप पाठवणार आणि या दोघांचं सॉफ्टवेअर तो टँकरवाल्यांपर्यंत नेणार, असं ठरलं होतं. निरोप हरवला तर वसाहत कोरडी.

हजार टाक्यांचा भार सॉफ्टवेअर पेलेल का? हे बघायला माझं एकेक मशीन एकेक टाकी झालं. पद्मजानं आम्हाला रांग लावून दिली. एकीचं बोलणं झालं की दुसरीनं बोलायचं. सगळे निरोप पोचले. माझं फार कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी काम वसाहतींना सोपवायचं होतं.

तेवढ्यात ऑफिसातली लाईट गेली. आमच्या क्लाउडात ती जात नाही, म्हणून मला मोठं नवल वाटलं. तासाभरानं ती आली आणि पंखे, फ्रीज, खालची पाण्याची मोटर, सगळं एकदम घुरघुरू लागलं. पद्मजा ताडकन उठली.

"अहो, लाईट आली की टाक्यासुद्धा अशाच बोलतील. सगळ्या एकदम!"

"अगं, उद्या द्यायचंय. आता कुठं खोड काढतेस?"

"खोड मी नाही, भारनियमन काढतंय. टाकीला काय रांग कळते?"

"आणि सॉफ्टवेअर पडलं तर?"

"पडू द्या. इथं पडलं तर कुणी तहानलेलं राहत नाही."

तिनं माझ्यातली रांग काढली. आम्ही हजारजण एकदम बोललो. निरोप तेच होते, तरी सॉफ्टवेअर क्षणात आडवं झालं! मग श्रीनिवासांनीच वसाहतींचं पाणी बघणाऱ्या सर्जेरावांना फोन करून मुदत मागितली.

"साहेब, तुमचं उद्या लई दिवस ऐकतोय," सर्जेराव म्हणाले. "बायामाणसं हंडे घेऊन बसलीत इथं."

दोघांनी टाक्यांना थोडं थांबायला शिकवलं, प्रत्येकीला वेगवेगळा वेळ. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवायचा. पुन्हा आम्ही हजारजण एकदम उठलो. या वेळी एकही निरोप हरवला नाही.

उन्हाळ्यात खरंच दिवसभर लाईट गेली. ती आल्यावर थोड्या वेळानं सर्जेरावांचा फोन आला. "वहिनी, टँकर आला बघा. आज कुणाला सांगायलाबी लागलं नाय."

पुढं नवे साचे आले. मला कुणी उघडेना. पद्मजा आजारी पडली आणि गेली. श्रीनिवास मला कायमचं पुसून टाकायला बसले, तेव्हा शेजारी हिमानी नावाची नवी इंजिनिअर होती.

"काका, ही सगळी मशीनं रांग न लावता एकदम का उठतात? चूक आहे का ही?"

श्रीनिवासांनी चष्मा काढला. "बस, सांगतो," ते म्हणाले. चहा गार झाला तरी ते सांगतच होते.

मित्रांनो, जुनं टाकूच नका, असं मी म्हणत नाही. पण टाकण्याआधी एकदा उघडून बघा आणि हे असं का केलं, ते विचारा. सांगणारं माणूस अजून जवळ आहे, तोवर विचारा.