शनिवारची शिफ्ट

कृतिकाने नोकरी सोडली तेव्हा घरात कुणी आकांडतांडव केलं नाही, आणि तेच तिला जास्त टोचलं. नवरा देवेश म्हणाला, "तुला जमेल असं वाटतंय ना? मग कर." सासूबाई डोंबिवलीतल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं तर "सूनबाई हल्ली घरीच असते," एवढं सांगायला लागल्या.

घरी असायची हे खरं होतं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला लॅपटॉप उघडून ती सकाळपासून बसायची. ठाण्यातल्या कंपनीत असताना तिच्या वडिलांचं, अण्णांचं, डायलिसिस सुरू झालं होतं. ठरलेल्या वेळेला जावं तर मशीनवर दुसराच पेशंट, मग अण्णा सेंटरच्या जिन्यावर तासन्‌तास बसून राहायचे. अण्णा गेले, पण जिन्यावर बसलेले अण्णा तिच्या डोळ्यांसमोरून हलेनात. त्यातूनच तिने ते सॉफ्टवेअर लिहिलं: कुठला पेशंट, कुठलं मशीन, कुठली शिफ्ट, आणि आदल्या संध्याकाळी घरच्यांच्या फोनवर मेसेज. कल्याण, अंबरनाथ, बदलापूर इथल्या लहान सेंटरांनी ते घेतलं. मग तिने राजीनामा दिला.

लिहिणारी ती, दुरुस्त करणारी ती, आणि फोन उचलणारीही तीच. आंघोळीला जाताना ती फोन साबणाशेजारी ठेवायची. फोन वाजला की ती हातातलं टाकून धावायची, आणि बराच वेळ वाजला नाही तर जास्तच घाबरायची. "काही बंद तर पडलं नसेल?" म्हणून ती जेवताजेवता उठायची. देवेश तिच्या ताटावर झाकण ठेवायचा.

मे महिन्यातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी कल्याणच्या सेंटरमधून माया सिस्टरचा फोन आला. माया सिस्टर म्हणजे तिथली इनचार्ज, कामाला चोख आणि बोलायला तुटक.

"कृतिका, चार नंबरचं मशीन उद्या बंद. त्यावरच्या पेशंटला कळव ना, आमच्या काउंटरवरच्या पोरीला ते जमत नाहीये."

"करते लगेच, सिस्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात तिला सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. एवढं मोठं गिऱ्हाईक पहिल्यांदाच दारात उभं होतं. डोक्यात तेच घोळत असताना तिने सॉफ्टवेअरमध्ये चार नंबरचं मशीन बंद दाखवलं, मेसेज पाठवला आणि लॅपटॉप मिटला.

शनिवारी हॉस्पिटलच्या एसी खोलीत सगळं छान चाललं होतं. समोरचे तिघे माना डोलावत होते. त्यांच्यातल्या ॲडमिनिस्ट्रेटर बाईंनी विचारलं, "आणि अडचण आली तर? सपोर्ट कोण देतं?"

"आमची टीम आहे ना," कृतिका म्हणाली. शब्द इतक्या सहज निघून गेले की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. ती पडद्यावरचा तक्ता समजावत राहिली, पण कान सगळे पर्सकडे. आपण काय बोलतोय हे तिला ऐकू येईनासं झालं. बाईंनी चहा मागवला तेव्हा ती "एक मिनिट हं" म्हणून बाहेर आली.

माया सिस्टरचे मिस्ड कॉल ओळीने लागले होते.

"अगं कुठेस तू?" सिस्टरचा आवाज चढलेला होता. "अख्खी शिफ्ट रिकामी आहे माझी! सगळ्यांना मेसेज गेलाय, डायलिसिस रद्द म्हणून. चार नंबरच्या नाही, सगळ्यांना!"

कृतिका जिन्यातच बसली. मोबाइलवरून तिने कालचा मेसेज उघडला. तिने मशीन निवडायच्या ऐवजी अख्खी सकाळची शिफ्ट निवडली होती. नक्की पाठवू का, असं विचारणारं पान तिने कधी बनवलंच नव्हतं. शनिवार चुकला की पुढची पाळी थेट मंगळवारी, आणि तोवर अंगात साठलेलं पाणी छातीपर्यंत चढतं. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अण्णांच्या बाबतीत तिने ते पाहिलं होतं.

"सिस्टर, मी फोन करते सगळ्यांना. आत्ता."

"मी केलेत. येतायत बाकीचे. कमळाबाईंचा नातू तेवढा फोन उचलत नाही. मागच्या वेळीच त्यांना दम लागत होता."

कमळाबाई विठ्ठलवाडीला राहायच्या. आगरी समाजाची म्हातारी, वय सत्तरीच्या पुढे. नातू बंटी त्यांना आणायचा, न्यायचा. कृतिकाने त्याला फोन लावला. रिंग जात राहिली. पुन्हा लावला. ती आत गेली, लॅपटॉप गोळा केला आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, एका पेशंटचं काम आहे, मला निघावं लागेल."

"तुमच्या टीमपैकी कुणाला पाठवता येणार नाही?" बाईंनी साधेपणाने विचारलं.

कृतिकाने बॅग खांद्याला लावली. ती निघालीच.

विठ्ठलवाडीला पोचेपर्यंत ती बंटीला फोन लावतच होती. कमळाबाईंच्या दाराला कुलूप. शेजारच्या रंगूबाई पापड वाळत घालत होत्या.

"ते सगले हळदीला गेलेत," त्या म्हणाल्या. "काटई नाक्याच्या पुढं, कमळाच्या भावाच्या घरी. डॉक्टरनी सुट्टी दिली म्हनं आज. किती खूश होती म्हातारी! पोरीसारखी गजरा मालून गेली."

कृतिकाने रिक्षा धरली. कल्याण-शीळ रस्त्यावर ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या आणि रिक्षा इंचाइंचाने सरकत होती. ती मनात नाही नाही ते बघत होती: म्हातारी आडवी पडलेली, भोवती माणसं, कुणीतरी बंटीच्या फोनवरचा तो मेसेज उघडून दाखवतंय. "दादा, जरा शॉर्टकट घ्या ना." रिक्षावाल्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि सर्व्हिस रोडला रिक्षा घातली.

गावात शिरल्याबरोबर डीजेचा दणदणाट कानावर आदळला. बंटी फोन का उचलत नव्हता ते कळलं. मांडवाच्या मागे, घराच्या ओटीवर मात्र बायका गोल करून बसल्या होत्या, आणि मधोमध नाकातली नथ सावरत कमळाबाई गात होत्या. त्या धवलारीण होत्या. लग्नात देवांना, पूर्वजांना बोलावणारे धवले त्यांनी आयुष्यभर गायले होते. आजारपणाने ते सुटलं होतं. आता दर ओळीनंतर त्या थांबत होत्या, तोंड उघडून श्वास घेत होत्या, आणि बाकीच्या बायका त्यांची ओळ उचलून धरत होत्या. लुगड्याखालचे पाय घोट्यापाशी टम्म फुगले होते. पाणीही मोजून प्यायचं असताना शेजारी सरबताचा रिकामा ग्लास होता.

कृतिका वाकून त्यांच्या कानाशी म्हणाली, "आजी, चला. डायलिसिस आहे आज."

"आज येव नको, आसा तुमीच सांगला ना गो?"

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. कृतिका म्हणाली, "तो मेसेज चुकून गेला. माझ्याकडून. मी पाठवला होता."

घोळक्यातली एक बाई ताडकन म्हणाली, "म्हनजे? म्हातारीच्या जिवाशी खेल चाललाय काय?"

तोवर बंटी धावत आला होता. हळदीने पिवळा झालेला, घाबरलेला. "मॅडम, मी वाचून दाखवला आजीला मेसेज. तीच बोलली, चल हळदीला..."

"आजचा दिस सोर मना," कमळाबाई म्हणाल्या. "बरी हाय मी. येवरा धवला पुरा होवंदे."

क्षणभर कृतिकाला वाटलं, होऊ द्यावा. किती दिवसांनी गातायत. आणि तो दिवस आपल्याच चुकीने त्यांना मिळालाय. पण कमळाबाईंनी पुढची ओळ घेतली आणि ती अर्ध्यात तुटली. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"आजी," कृतिका त्यांच्या पायाशी बसली, "माझे वडील पण असंच म्हणायचे, बरा आहे मी. ऐका माझं. मी पाया पडते तुमच्या."

म्हातारीने तिच्याकडे नीट पाहिलं. मग भावजयीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली आणि बायकांना म्हणाली, "तुमी गात रवा."

सेंटरवर पोचल्यावर माया सिस्टरने व्हीलचेअर पुढे केली. वजन केलं, ऑक्सिजन लावला, मशीन सुरू झालं. कृतिका काचेबाहेर उभी राहिली. बंटीने आणून दिलेला चहा तिच्या हातात गार झाला. बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आली. "दम कमी झालाय. झोपल्यात. आणखी उशीर झाला असता तर आयसीयूच होतं."

मग सेंटरचे डॉक्टर साईनाथ यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"चूक कुणाकडूनही होते," ते म्हणाले. "पण सकाळी तासभर तुम्ही फोन उचलला नाहीत. तुमच्याकडे माणसं किती?"

"मी एकटीच आहे, सर."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "मला हे माहीतच नव्हतं. सॉफ्टवेअर चांगलंय. पण माझे पेशंट एका माणसाच्या फोनवर नाही सोडू शकत मी. महिनाभरात जोडीला कुणीतरी बघा. नाहीतर आपण थांबू."

घरी आल्यावर तिने आधी मेसेज थेट जाणं बंद केलं. आता सिस्टरने यादी बघून होकार दिल्याशिवाय काही जाणार नव्हतं. मग ठाण्याच्या हॉस्पिटलला खरं काय ते कळवलं. सोमवारी त्यांचं उत्तर आलं, सध्या नको.

"परत नोकरी बघू का?" तिने देवेशला विचारलं.

"तू सांग."

तिने जुन्या कंपनीतल्या समीक्षाला फोन केला. मूल झाल्यावर समीक्षाने नोकरी सोडली होती आणि घरात बसून कंटाळली होती. कृतिकाने तिला मेसेजपासून हळदीपर्यंत सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि फोन सांभाळायला येशील का, असं विचारलं.

समीक्षा म्हणाली, "दुपारी दोन ते पाच बाळ झोपतं. तेवढ्या वेळात चालेल?"

"चालेल," कृतिका म्हणाली. डॉक्टरांना तेवढं पुरेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिने फोन समीक्षाच्या नंबरकडे वळवला आणि पलंगावर आडवी झाली. झोप काही लागली नाही. पाच वाजेपर्यंत ती पंख्याकडे बघत पडून राहिली, पण उठली मात्र नाही.