थेट घरी

पितरांच्या सणासाठी क्योतोला जायचा बेत शिनोबू आठवडाभर मनात घोळवत होती. आज तिनं तो सासूबाईंपुढे मांडला. तान्हा रेन मांडीवर पेंगत होता. पंख्याचा वाराही गरम लागत होता, आणि समोर तोमीए कलिंगड चिरत बसल्या होत्या.

"देवळात फांदी हातात आली की थेट स्टेशन गाठायचं," शिनोबू म्हणाली. "कुठंही थांबायचं नाही."

"अज्जिबात नाही. देवळातली घंटा ओढली की गेलेला जीव येतो, त्या हिरव्या फांदीवर बसतो. वाटेत टेकलीस की तिथंच उतरतो." तोमीए हसल्या. "माझ्या सासऱ्यांना आणताना मी मेली वाम खायला थांबले! म्हातारा राहिला तिथंच. त्या साली त्या हॉटेलात गिऱ्हाइकांना पाय ठेवायला जागा नव्हती, आणि घरी नैवेद्य वाळला."

"आई, तुम्ही पण ना!"

शिनोबू हसली, पण डोळे भरलेच. रेन पोटात असताना चार वर्षांची कोहारू गेली, क्योतोच्या जुन्या घरात. मग ते इथं त्सुरुगाला आले. हे घर लेकीनं पाहिलेलंच नव्हतं. कुठं शोधत फिरत असेल?

"आणू गं," तोमीएंचा आवाज उतरला. "पण सोळा तारखेला परत पाठवायचं. दारात निरोपाचा जाळ तूच पेटवायचा. जमेल? न पाठवलेला जीव एकटा राहत नाही, पोरी. सोबत मागतो."

"जमेल. गाडीत खिडकीची जागा तिला देऊ. तिला बोगदे आवडायचे."

तेवढ्यात ओल्या पाल्याचा वास आला. रेन जागा झाला. रडला नाही, कुणी कोपरानं ढकलावं तसा मांडीच्या कडेला सरकला. अजून कूसही न वळणारं पोर ते!

तोमीएंची सुरी थांबली. "मोठ्यानं बेत करत बसलो आपण. ऐकलं तिनं. ऊठ, आत्ताच जाळ करू."

मांडीच्या मोकळ्या जागेवर भार पडला. ओळखीचा. गार टाचा शिनोबूच्या पोटरीला लागल्या.

"शिनोबू! बाळाचे ओठ बघ, निळे पडलेत!"

तिनं रेनचा पापा घेतला आणि त्याला सासूबाईंच्या हातात दिलं. "बाहेर न्या याला. उन्हात."

"आणि जाळ?"

"करते. तुम्ही व्हा पुढं."

अंगणात रेननं टाहो फोडला. छान, मोकळा, रागावलेला. शिनोबूनं तो कान भरून ऐकला. मग मांडीवरचा भार अलगद कडेवर घेऊन ती उठली, आणि तिनं दाराला आतून कडी घातली.