तपासणीचे तारे

खोटा तारा चार पिक्सेल रुंदीचा काढावा लागतो. त्याहून लहान काढला तर कॅमेऱ्यातला दोष वाटतो, मोठा काढला तर डोळ्यात भरतो. मध्यभागी उजळ आणि कडेकडे विरत जाणारा हवा. रात्री डोंगरावर वारा असला की दुर्बीण किंचित हलते आणि फोटोतले सगळे तारे एका बाजूला ओढल्यासारखे तिरके येतात. मग खोटा ताराही तेवढाच, त्याच बाजूला ओढावा लागतो. पूर्वी मला एका ताऱ्याला वीस मिनिटं लागायची.

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात हे काम नऊ वर्षं माझ्याकडे आहे. एरवी मी खालच्या गावातल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे मंडळात सगळे मला 'बाई'च म्हणतात. आम्ही सात जण. दुर्बीण इटलीतल्या आमच्या डोंगरावर, चीजच्या जुन्या गोदामाच्या छपराखाली. ते छप्पर रुळांवर सरकतं. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या दीनो झान्नीने ते बनवलं आणि दुर्बीणही तोच चालवतो. रात्रभर ती आपली आपण दीडशेएक दीर्घिकांचे फोटो घेते. सकाळी दीनो त्यांची सात पाकिटं करून संगणकावरून वाटतो. मग प्रत्येकाने आपल्या पाकिटातला प्रत्येक नवा फोटो त्याच दीर्घिकेच्या जुन्या फोटोवर ठेवायचा आणि पडद्यावर दोन्ही आलटून पालटून बघायचे. जुन्यात नसलेला ठिपका नव्यात दिसला तर तो सुपरनोव्हा असू शकतो, म्हणजे मरताना फुटलेला तारा. अकरा वर्षांत आम्हाला असे दोन सापडले. मोठमोठी यंत्रं हेच काम हजारोंनी करतात. त्यांची नजर पोचायच्या आधी आपली पोचावी, एवढीच आमची उमेद. पगार कोणालाच नाही.

या कामात खरी भीती कंटाळ्याची असते. हजारो फोटोंत काही सापडलं नाही की डोळ्याने पाहायच्या आधीच हात 'काही नाही' लिहून मोकळा होतो. म्हणून तपासणीचे तारे. मी अधूनमधून, सकाळी पाकिटं वाटली जायच्या आधी, कुणाच्या तरी पाकिटात एक खोटा तारा घालते आणि निळ्या वहीत त्याची नोंद ठेवते. ज्याला नवा ठिपका दिसेल त्याने मला फोन करायचा. मी वही उघडून बघते. नोंद असेल तर म्हणते, "आपलाच." मग त्या फोटोपुढे 'काही नाही' लिहून पुढे जायचं. नोंद नसेल तर दीनो संध्याकाळी दुर्बीण पुन्हा तिकडे वळवतो आणि खात्री झाली की जगाला कळवतो.

ही कल्पना ओरेस्ते बोनाचीनींची. एक्केचाळीस वर्षं ते चीज तपासनीस होते. हातातल्या छोट्या हातोडीने चीजच्या चाकावर, म्हणजे मोठ्या गोल लादीवर, चहूबाजूंनी ठोकायचं आणि आतली भेग कानाने ओळखायची. त्यांच्या धंद्यात वडीलधारे तपासनीस रांगेत मुद्दाम एक बिघडलेलं चाक ठेवत. ज्याच्या हातून अशी तीन चाकं ओळीने सुटतील त्याने हातोडी खुंटीला टांगायची. ओरेस्तेंनी तोच नियम आमच्याकडे आणला आणि स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात लिहून गोदामाच्या भिंतीवर लावला: ओळीने तीन तारे सुटले, तर बाकावरून उठावे.

बाक म्हणजे गोदामातल्या मोठ्या पडद्यासमोरचा बाक. ओरेस्तेंच्या घरी संगणक नाही. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही ते रोज सकाळी साडेआठला चढ चढून वर येत, शेगडीवर कॉफी ठेवत आणि आपलं पाकीट तिथेच बघत. त्यांची बायको इल्दे गेल्यापासून मुलगी मार्झिया त्यांना खाली रेज्जो शहरात आपल्या घरी न्यायचं म्हणत होती. तिने खोली रंगवूनसुद्धा ठेवली होती. "बाकाचं काम आहे तोवर मी वरच," ते तिला सांगत. तीही एकदा मला म्हणाली होती, "ते काम सुटलं की त्यांना कारणच उरणार नाही."

ऑक्टोबरात ओरेस्तेंचे तीन तारे ओळीने सुटले.

पहिला मंद होता, सतराव्या प्रतीचा; प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद. तो कुणाच्याही हातून सुटला असता. दुसरा सोळाव्या प्रतीचा, म्हणजे बराच उजळ. तिसरा पंधराव्या. मी वहीत पेन्सिलने तीन फुल्या मारल्या. त्याच आठवड्यात मला बोलायला हवं होतं. पण चेस्टनटच्या सणाची गडबड होती, म्हटलं नंतर बोलू. मग म्हटलं नाताळ होऊ दे. नोव्हेंबरात चौथा तारा मी चौदाव्या प्रतीचा, चांगला सात पिक्सेल रुंद काढला. सकाळी नऊला फोन वाजला.

"बाई, पकडला तुमचा चोर!"

इतका आनंदी आवाज मी इल्देच्या अंत्यविधीनंतर ऐकला नव्हता.

तेव्हापासून दर आठवड्याला त्यांच्या पाकिटात एक लठ्ठ तारा ठेवायला लागले. त्याला वीस मिनिटं कशाला हवीत, तीन पुरत. गोल काढायचा आणि चिकटवायचा. संध्याकाळी त्यांचं पाकीट मी पुन्हा तपासायची, ज्या फोटोबद्दल त्यांचा फोन आला असेल तेवढा वगळून. त्यात माझाच तारा असणार, तो कशाला बघायचा? कुणाचं नुकसान होत नाही, असा माझा हिशेब होता. हिवाळाभर ओरेस्तेंचा एकही तारा सुटला नाही. दीनो त्यांना 'उस्ताद' म्हणायचाच, आता चिडवायलाही लागला, "उस्ताद, तरुण होताय की काय? डोळ्यांत काय घालता?"

"लाम्ब्रुस्को वाइन," ते म्हणत. "सकाळी एक थेंब, संध्याकाळी बाटली."

बारा मार्चला, गुरुवारी, तिसऱ्या आणि चौथ्या तासाच्या मध्ये फोन आला. मी व्हरांड्यात होते. एका हातात चाचणीचे गठ्ठे, भोवती पोरांचा गलका.

"बाई, चोर सापडला. दीर्घिकेच्या खालच्या फाट्यावर, अगदी टोकाला."

"आपलाच, ओरेस्ते. शाब्बास."

"आज मेहनत घेतलीत हं. वाऱ्याने झुकल्यासारखा तिरका काढलात, शेजारच्या ताऱ्यांसारखा. नाहीतर अलीकडे तुमचे तारे म्हणजे शर्टाची बटणं!"

मी हसले. घंटा झाली आणि मी वर्गात गेले.

वही माझ्या पिशवीत होती. ती उघडायला चार सेकंद लागली असती.

पुढच्या सोमवारी दीनोचा सगळ्यांना निरोप आला. जपानमधल्या एका हौशी निरीक्षकाला रविवारी पहाटे सुपरनोव्हा सापडला होता, चौदाव्या प्रतीचा, आमच्याही यादीत असलेल्या दीर्घिकेत. आदल्या आठवड्यातले आपले फोटो काढून बघतो, असं त्याने लिहिलं होतं. मी फोटो बघितला नाही, वही उघडली. बारा मार्चची ओळ कोरी होती. बुधवारी रात्री उशिरापर्यंत मी चाचणीचे पेपर तपासत बसले होते, गुरुवारी सकाळी उशिरा उठले आणि त्या आठवड्यात ओरेस्तेंच्या पाकिटात तारा घालायचाच राहिला होता.

त्या आठवड्यात मी दोनदा चढ चढून गोदामापर्यंत गेले. पहिल्यांदा ओरेस्ते शेगडी पुसत होते. मी कॉफी प्यायले आणि परत आले. दुसऱ्यांदा दारातून ते पाठमोरे दिसले, पडद्याला नाक लावून बसलेले. मी आत गेलेच नाही.

रविवारी दुपारी गोदामात सगळे जमलो. बार चालवणारी लोरेदाना नेहमीप्रमाणे एर्बाझोने, म्हणजे पालेभाजी भरलेली भाजकी पोळी, घेऊन आली होती. पोळीचे तुकडे वाटून झाले आणि दीनोने मोठ्या पडद्यावर फोटो लावला.

"बघा. बारा मार्च. जपान्याच्या तीन दिवस आधी. बसलाय की नाही ऐटीत?" तो बोटाने ठिपका दाखवत म्हणाला. "हा आपला असता. आता आपल्या नावावर काय, तर 'आधी घेतलेला फोटो'. तळटीप!"

"पाकीट कुणाचं?" लोरेदानाने विचारलं.

दीनोने कागद बघितला. मग त्याला सवयीने थट्टाच सुचली. "उस्ताद, अहो, एवढा लठ्ठ तारा! माझ्या सासूला चष्म्याशिवाय दिसला असता. आणि पुढे लिहिलंय काय, तर 'काही नाही'."

सगळे हसले. ओरेस्तेही हसले. मग रुमालाला हात पुसून ते उठले, पडद्याजवळ गेले आणि वीतभर अंतरावरून बघत राहिले.

"तिरका आहे," ते हळूच म्हणाले.

"काय?" दीनोने विचारलं.

वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जितका वेळ चाकावर ठोकून कान देतात तितकाच वेळ. त्यांना फोन आठवला होता, यात मला शंका नाही. मग ते खुर्चीत येऊन बसले आणि ताटातला तुकडा काट्याने उगाच दोन ठिकाणी तोडला.

"पाकीट माझंच," ते म्हणाले. "सुटला असणार. डोळे आता पहिल्यासारखे नाहीत."

"एक सुटला म्हणून काय झालं?" लोरेदाना म्हणाली. "माझ्या हातून काय कमी सुटतात? ह्या दीनोने तर गेल्या वर्षी लघुग्रहाला सुपरनोव्हा म्हणून अर्ध्या इटलीला फोन केले."

"दोघांनाच केले," दीनो म्हणाला.

"खरा तारा सुटणं वेगळं," ओरेस्ते म्हणाले. "माझा वरिष्ठ म्हणायचा, खोटं चाक सुटलं तर तुझी लाज जाते, खरं सुटलं तर सगळ्या गोदामाची जाते. हा एक त्या तिघांच्या जागी धरा." त्यांनी भिंतीवरच्या स्वतःच्या अक्षरांकडे हात केला. "मार्झियाला आज फोन करतो. खोली तयारच आहे तिची."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकत होता.

"थांबा," दीनो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. थट्टा इतकी दूर जाईल असं त्याला वाटलं नव्हतं. "असं नाही चालायचं, उस्ताद. नियम तीन ताऱ्यांचा आहे आणि तो तुम्हीच लिहिलाय. नोव्हेंबरपासून तुमचा एकही सुटलेला नाही. हो की नाही, बाई? वही आणलीय ना? दाखवा यांना."

सगळे माझ्याकडे वळले. वही माझ्या मांडीवर होती.

"राहू दे, बाई," ओरेस्ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "वहीचं काय काम? मी म्हणतोय ना, सुटला."

ते मला वाचवत होते, पण कशापासून याची त्यांना अर्धीच कल्पना होती. फोनची गोष्ट त्यांना माहीत होती. ऑक्टोबरची नव्हती. मी फक्त फोनचं सांगितलं असतं तर त्यांना त्यांचा तारा मिळाला असता आणि बाकही राहिला असता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, लोरेदानाने बाटली उघडली असती. आणि उद्यापासून मी पुन्हा तीन मिनिटांत बटणं काढत बसले असते, पुढचा खरा तारा मंद निघेपर्यंत. तो त्यांना दिसला नसता आणि मलाही कदाचित नाही.

मी वही टेबलावर ठेवली आणि ऑक्टोबरचं पान उघडलं. पेन्सिलच्या फुल्या फिकट झाल्या होत्या, पण वाचता येत होत्या.

"ओरेस्तेंना हा तारा दिसला होता," मी म्हणाले. "बारा मार्चला, सकाळी, जपानच्या तीन दिवस आधी. त्यांनी मला फोन केला. खालच्या फाट्यावर आहे, तिरका आहे, इतकं सगळं सांगितलं. मी वही न उघडता 'आपलाच' म्हटलं. म्हणून त्यांनी 'काही नाही' लिहिलं. शोध माझ्यामुळे गेला."

"बाई!" दीनो म्हणाला.

"थांब, माझं संपलेलं नाही." माझा आवाज वर्गात असतो तसा आला, याचं मलाच नवल वाटलं. मी वही ओरेस्तेंकडे सरकवली, त्यांना नीट दिसावी म्हणून अगदी जवळ. "ओरेस्ते, ऑक्टोबरात तुमचे तीन तारे ओळीने सुटले. सतरावी, सोळावी, पंधरावी प्रत. मी कोणाला सांगितलं नाही. त्यानंतरचे सगळे मी मुद्दाम मोठे काढले, तुम्हाला दिसावेत म्हणून. हा खराही तेवढाच उजळ होता, म्हणून दिसला. तुमच्या नियमाप्रमाणे तुम्ही ऑक्टोबरातच बाकावरून उठायला हवं होतं. ते मी आज सांगतेय. आता उठा, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी तुमच्याबरोबर येते. वहीसुद्धा आजपासून दुसऱ्या कुणाकडे द्या."