मनोऱ्याचा लिफ्टमन

शहरातल्या सगळ्यात जुन्या उंच इमारतीला लोक नुसतं ‘मनोरा’ म्हणत. आता आजूबाजूला त्याहून उंच काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. पण परगावचा माणूस स्टेशनाबाहेर पडला की मान वर करायचा ती मनोऱ्याकडेच. ती तिथल्या लिफ्टमनची बायको; नवऱ्याचा सगळा जन्म त्या लिफ्टमध्ये गेला. सुट्टीच्या दिवशीही त्याचे पाय तिकडेच वळायचे. “माझी सवत दगडाची आहे हो,” असं ती शेजारणींना हसून सांगायची. स्वतः लग्नानंतर एकदाच वर गेली होती. घेरी आली, तशी डोळे गच्च मिटूनच खाली उतरली.

आता म्हातारपणी त्याची स्मरणशक्ती विरत चालली होती. मुलीचं नाव गेलं, मग जेवलो की नाही तेही. मुलगी म्हणाली, “आई, नको नेऊस त्यांना तिकडे. उगाच जिवाला घोर.” पण आशा वेडी असते. माणसं विसरला तरी लिफ्ट विसरायचा नाही, असं तिला वाटलं.

ती त्याला घेऊन गेलीच. मनोऱ्याच्या दारातच तो थबकला. काळ्या दगडाची कमान, छतावर सोनेरी नक्षी, लिफ्टच्या पितळी दारांवर कोरलेले उडते पक्षी.

“वा! काय हात असतील हो त्या कारागिरांचे!”

लिफ्ट आली. तिचा जीव डोळ्यांत गोळा झाला. तो मात्र पाहुण्यासारखा अंग चोरून कोपऱ्यात उभा राहिला. बटण तिनेच दाबलं.

वरच्या गॅलरीत वारा भणाणत होता. तो कठड्याला रेलून मनोऱ्याचं शिखर न्याहाळत म्हणाला, “एवढा दगड, पण कुठे जडपणा आहे का? वर जाता जाता कसा अंगाने बारीक होत गेलाय बघा.”

तिने भीत भीत वर पाहिलं. खरंच की. इतकी वर्षं संध्याकाळी तो हेच सांगायचा आणि ती भाजी निवडता निवडता नुसतं ‘हं, हं’ करायची.

“माझ्या बायकोला आणायला हवं,” तो म्हणाला. “उंचीला घाबरते ती. पण मी हात धरीन तिचा.”

“धरा ना,” म्हणत तिने हात पुढे केला.

तो ओशाळून मागे सरला. “भलतंच काय, बाई! ओळख ना पाळख.”

जन्मभर ‘अगं’ म्हणणाऱ्या तोंडातून ‘बाई’ आलं आणि तिचा बांध फुटला. कठडा धरून ती हमसून हमसून रडली. त्याने खिशातला रुमाल लांबूनच पुढे केला.

“रडू नका. वर आलं की होतं असं कुणाकुणाला. खाली उतरलं की बरं वाटेल.”

खाली उतरल्यावरही बरं वाटलं नाही.

घरी मुलीने दार उघडलं. “आठवलं का त्यांना काही?”

“मनोरा फार सुंदर आहे गं,” ती म्हणाली आणि त्याला खुर्चीत बसवून त्याच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.