माळशेजला अडलेलं नववं गाणं

आठ गाणी झाली होती आणि नववं माळशेज घाटात अडून बसलं होतं. गेले पंधरा दिवस प्रांजल ज्याच्या त्याच्यावर खेकसत होती ती त्यामुळंच.

तिचं मागणं खरं तर काही मोठं नव्हतं. तिला रॅपचा एक आल्बम करायचा होता, पण सुटी सुटी गाणी नको होती. पहिल्या गाण्यात सुरू झालेली गोष्ट नवव्यात संपली पाहिजे, मधलं एक गाळलं तरी ऐकणाऱ्याची वाट चुकली पाहिजे, असा तिचा हट्ट. आणि गोष्ट घरचीच होती. तिची आत्या रतनबाई एकोणीस वर्षांची असताना बापाबरोबर मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली. आई आधीच वारलेली. मुरबाडकडं बाप हिवतापानं गेला, बरोबरची बिऱ्हाडं पुढं निघून गेली आणि मागं राहिली ही पोर, ऐंशी मेंढरं, एक घोडं आणि सहा वर्षांचा धाकटा भाऊ. हे सगळं लटांबर घेऊन ती एकटी माळशेज चढली आणि कळंबच्या वस्तीवर सुखरूप पोचली. तो धाकटा भाऊ म्हणजे प्रांजलचे वडील, मच्छिंद्र.

मच्छिंद्रांनी ही गोष्ट ज्याला सांगितली नव्हती असा माणूस पंचक्रोशीत सापडला नसता. लग्नाच्या मांडवात, दूध डेअरीवर, एसटीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा. त्यामुळं आल्बमचे ते आपोआपच सरकारी तपासनीस होऊन बसले. खाद्याच्या पोत्यांच्या खोलीत भिंतींना घोंगड्या टांगून प्रांजलनं रेकॉर्डिंगची सोय केली होती. ते दारात उकिडवे बसायचे आणि ती रंगात आली की मध्येच हात वर करायचे.

"सात कोकरी न्हाई. आठ व्हती. एक लंगडं."

"आप्पा, सात म्हटलं की यमक जुळतंय."

"यमकासाठी कोकरू मारती का?"

झालं, पुन्हा पहिल्यापासून. अशी आठ गाणी होईपर्यंत प्रांजलच्या नाकी नऊ आले. भाकरी नाचणीची होती की तांदळाची, यावर एक अख्खा रविवार गेला. पण गोष्ट घाटाच्या माथ्यावर आली, की याच माणसाच्या तोंडाला कुलूप लागायचं.

"माथ्यावर दोन दिवस का थांबली आत्या?"

"थांबली."

"हो, पण का?"

"आन् मंग आली की घरी," म्हणून ते धोतर झटकून उठायचे.

इथंच घोडं पेंड खात होतं. ऐकणाऱ्याला आठ गाणी घाट चढायला लावायचा आणि वर नेऊन 'मग आली की घरी' म्हणायचं? लोक जोडे मारतील. त्यातून तिकडं अवसरीच्या कॉलेजात शिकणारा आदेश, जो तिच्या गाण्यांना बीट बनवत होता, दिवसातून तीन वेळा फोन करायचा. शेवटी तोही कंटाळला. म्हणाला, "माथ्यावर बिबट्या टाक. जुन्नरकडची गोष्ट आहे, लोकांना पटेल."

प्रांजलनं हे चिडून घरात सांगितलं, तर मच्छिंद्रांचा चेहरा एकदम खुलला. "टाक की! चांगला मोटा टाक."

प्रांजल बघतच राहिली. लंगड्या कोकरासाठी आठ दिवस भांडणारा हा माणूस आता नसलेला बिबट्या घ्यायला तयार होता. तिचं डोकंच सणकलं. "मला एका कोकराची सूट नाही दिलीत, आणि आता बिबट्या चालतोय होय? काय लपवताय तुम्ही?"

"लपवायचं काय त्यात," ते पुटपुटले आणि मेंढरांचं पाणी बघायला गेले. पाणी सकाळीच भरलेलं होतं.

त्याच दुपारी प्रांजल चार घरं सोडून राहणाऱ्या आत्याला हाताला धरून घेऊन आली. पोत्यावर बसवलं आणि आठवं गाणं लावलं.

*एकोणीस वर्षांची पोर, पाठीशी ना बाप ना माय,*
*समोर उभा माळशेज, तिचा मागं सरेना पाय!*

"कोन ही?" रतनबाईनं विचारलं.

"तूच की."

"लई शूर हाये बाई." हे ती कौतुकानं बोलली नाही. तोवर मच्छिंद्र दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्याकडं बोट करून ती म्हणाली, "ह्यानंच सांगितलं आसंल सगळं."

"माथ्यावरचं तेवढं नाही सांगत. तू दोन दिवस का थांबली होतीस?"

रतनबाईनं पदर नीट केला. "मला घरी यायचंच न्हवतं," ती म्हणाली. "मुरबाडला एक बाई भेटली व्हती. कल्यानला पोरी कामाला लावायची. म्हनली, माज्या वळकीचा ट्रक रोज सकाळी घाटावरनं खाली उतरतो, त्याला हात कर. पयल्या दिशी धीर झाला न्हाई. दुसऱ्या दिशी ह्यो पोरगा झोपल्याला पायला आन् गाठोडं उचललं. म्हनलं, वस्तीवरची मानसं शोधाय येतीलच, मेंढरं आन् पोरगं दोनी गावंल त्येंला."

प्रांजल पुढं सरकली. "मग?"

"मंग काय. सडकंला लागले, ट्रक दिसला आन् मागं बगते तर मेंढरं! अख्खा कळप माज्या मागं सडकंवर. चाकाखाली आली असती सगळी. गाठोडं टाकलं आन् वळवाय धावले. तवर ट्रक गेला. वस्तीवर आले तर सगळी पाया पडाया लागली. असली पोरगी बाहेर द्यायची न्हाई म्हनून हितल्या हितंच लगीन लावलं. पन्नास वर्सं झाली, कळंबच्या पल्याड मुक्कामाला गेले न्हाई मी. शूर म्हनून म्हनून गाडून टाकलं मला मेल्यांनी. मी काय ह्याच्यासाटी माघारी फिरले न्हवते. मेंढरांसाटी फिरले."

"आत्या, असं नको बोलूस, आप्पा इथंच आहेत."

"आसू दे. ऐकू दे एकदा."

मच्छिंद्र दाराच्या चौकटीला धरून खाली बसले. "ठावं हाये मला," ते म्हणाले. "मी जागा व्हतो."

"कवा?"

"तू गाठोडं बांधलंस तवापास्नं. डोळं मिटून पडलो व्हतो. तू लांब गेलीस तवा उठलो आन् मेंढरं तुज्या मागं हाकलली. मी हाक मारली तर फिरशील का न्हाई, कळत न्हवतं. मेंढरांसाटी फिरशील, ह्ये ठावं व्हतं."

पासष्टीच्या पुढची रतनबाई आपल्या पिकल्या केसांच्या भावाकडं बघत राहिली. तिचा हात दोनदा उचलला गेला, मारायला की आणखी कशाला, ते तिलाही ठरवता आलं नसावं.

"माजा ट्रक तू घालवलास," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् पन्नास वर्सं गावभर मला मिरवलंस. येकदा सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"आता सांगितलंस," रतनबाई म्हणाली. "आता कुटं जाऊ मी?"

प्रांजलला तिचं नववं गाणं मिळालं होतं, आणि त्याला यमक जुळवायची तिला लाज वाटत होती.