आधी पारख

"आत्ता कापायचं नाही," शिवगंगव्वा म्हणाली आणि तपासणीच्या टेबलावरून खाली उतरली.

गदगच्या सर्जननं तिच्या डाव्या स्तनातली गाठ चाचपून सांगितलं होतं, उद्याच ऑपरेशन करून काढू, मग तपासायला पाठवू. मुलगा महांतेश लगेच मान डोलावून मोकळा झाला होता.

"सुईनं तुकडा काढतात म्हणे. आमच्या आडतीतल्या बाईचा काढला," शिवगंगव्वा म्हणाली.

"काढतात, पण त्यासाठी हुबळीला जावं लागेल. आणि सुईनं उलगडा नाहीच झाला, तर शेवटी कापावंच लागतं," डॉक्टर म्हणाले.

"अव्वा, सुई टोचली की गाठ चवताळते. काका सांगत होते," महांतेश म्हणाला.

"तुझ्या काकाला हरभरा नि वाटाणा ओळखू येत नाही, तो गाठीचं काय सांगणार?"

बाजार समितीत बायकांनी झाडायचं, निवडायचं. पोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढायचं काम पुरुषांचं. शिवगंगव्वानं ते भांडून मिळवलं होतं. गेली बावीस वर्षं ती पोत्याची शिवण न उसवता वरून, मधून, बुडातून दाणे काढी आणि तळहातावर बघून माल सांगे. तिचा शब्द व्यापारी मुकाट मानत.

"पारख व्हायच्या आधी पोतं कोण फाडतं, डॉक्टर? एकाच जागी खुपसून भागत नाही, तेही कळतं मला. चार जागी टोचू देत. नाहीच कळलं तर तुमच्याकडंच येते, मग खुशाल कापा."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. "सुईनं रोग पसरत नाही," ते महांतेशला म्हणाले. "काकांनाही सांगा."

हुबळीत बाईडॉक्टरांनी जागा बधिर केली आणि पडद्यावर गाठ बघत सुई चार वेळा आत घातली. शेवयांएवढे तुकडे निघाले. शिवगंगव्वानं बाटली मागून ते नीट पाहिले. भीती तिलाही वाटत होती, पण भीतीला विचारून वागायचा तिचा स्वभाव नव्हता. दोन दिवसांनी ती पट्टी लावून कामावर हजर झाली.

आठवड्यानं रिपोर्ट आला. बाईडॉक्टरांनी महांतेशला एकट्याला आत बोलावलं. वाईट बातमी घरच्या पुरुषाला सांगायची, ही रीतच. शिवगंगव्वा त्याच्या आधी आत शिरली.

"टोचलं मला. सांगायचंही मलाच."

बाईडॉक्टरांनी रिपोर्ट तिच्यापुढे ठेवला. "कॅन्सर आहे, अव्वा. ऑपरेशन करावं लागेल."

महांतेश भिंतीला टेकून रडायला लागला. शिवगंगव्वा खुर्चीवर बसली. खुर्ची तिनं टेबलाजवळ ओढून घेतली.

"रडायचं तर बाहेर जा, तम्मा," ती म्हणाली. "किती कापायचं ते मला नीट ऐकू दे."