लाखातल्या एकोणीस दुर्वा

"सासूच्या व्रतवैकल्यांत तुझं गणित घुसवू नकोस हं, उमे," सासरी कर्जतला जायच्या गाडीत बसवून देताना माझ्या सुचेताताईनं बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. व्रताचा आणि बी.ए.च्या गणिताचा संबंध काय?

पुढं बाळाला ताप आला आणि सासूबाई गणपतीला लाख दुर्वांची लाखोली बोलल्या. ती पुरी होईस्तोवर एकभुक्त, दुपारी काय जेवतील तेवढंच. बाळ बरं होऊन घरभर रांगू लागलं, सासूबाई मात्र वाळत चालल्या. रोज हजार दुर्वा मोजून आणायच्या, एकवीस-एकवीसच्या जुड्या वाहायच्या, उरतील त्या दुसऱ्या दिवशीच्या राशीत मिसळायच्या. लाख भरल्या त्या दिवशी शेवटच्या जुडीला एकोणीसच!

"मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून," सासूबाई म्हणाल्या. आळ आला शेजारच्या सोनाबाईच्या शेळीवर.

दुसऱ्या खेपेला दारं लावून मोजल्या. पुन्हा एकोणीस.

"सोनाबाई, तुझी शेळी खिडकीतनं आली गं!"

"काकू, शेळी हाय ती, मांजर नाय! आन् खायाला बसली तर दोनच खाऊन उठंल व्हय?"

मी चपापले. दोन्ही वेळा नेमक्या दोनच कमी?

सासूबाई खांबाला धरून उठल्या. तरी तिसऱ्यांदा परडी घेतली. मी ती काढूनच घेतली.

"बसा आई. दहा दुर्वांचे तीन सारखे वाटे करा."

"एक उरली."

"आता शंभरांचे."

तेहतीस, तेहतीस, तेहतीस. "पुन्हा एक उरली गं!"

"हजारातही एकच उरेल. लाखातही. एकावर हवी तेवढी शून्यं द्या, एक उरतेच. जे तिघांत सारखं वाटता येत नाही, त्याच्या एकवीसच्या जुड्या पुऱ्या कशा होतील? एकवीस म्हणजे तीन सत्ते."

"म्हणजे?"

"चार हजार सातशे एकसष्ट जुड्या, वर एकोणीस. एकोणीस उरल्या म्हणजेच लाख बरोबर मोजल्यात! वीस उरल्या असत्या तर चूक."

"दोन्ही वेळा बरोबर?"

"दोन्ही वेळा."

"आणि मी त्या शेळीला काय काय बोलले!" सासूबाईंना असं हसू फुटलं की बाळही टाळ्या पिटू लागलं. मग त्या थबकल्या. "लाखाला कमी नाही चालत. पण जास्तीला गणपती नको म्हणतो होय?" परडीतून दोन दुर्वा उचलून त्यांनी जुडी पुरी केली. "ही बाळाची, ही तुझी."

दिवेलागणीला त्या माझ्याशेजारी जेवायला बसल्या. दोनदा भात घेतला. बाळानं त्यांच्या पानात हात घातला, तरी कुणी रागावलं नाही.

आता यांच्या वीजघरातल्या नोकरीमुळे आम्ही खोपोलीला आलोय. मागल्या पंधरवड्यात बाळाला गोवर निघाला, उतरलाही. पण ती बातमी कर्जतला पोचली, आणि माझा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही कधी तिकडं उतरलात, तर नदीकडच्या आळीत आमच्या सासूबाईंकडं डोकवाल? दिवेलागणीनंतरच जा. जेवता ना, असं विचारू नका, हो म्हणतील. चुलीवर भाताचं भांडं आहे का, तेवढं बघा.